फ्रीजमधून खोका काढून देण्याआधी
ठाणे व नवी मुंबईतील औषधविक्रेत्यांना खुले पत्र

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील सर्व किरकोळ औषधविक्रेते आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट यांस,

सप्रेम नमस्कार.

पाचपाखाडीत मी ३४ वर्षे औषधांचे दुकान चालवले. आता ते पुतण्या पाहतो आणि मी संध्याकाळी दोन तास काउंटरच्या आत खुर्ची टाकून बसतो. मधुमेह आणि लठ्ठपणा यांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची जी इंजेक्शने गेल्या काही काळात आपल्या सर्वांच्या फ्रीजमध्ये आली आहेत, त्यांच्याविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. ही औषधे वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, कारण तसे माझे मत नाही. ती आपण ज्या पद्धतीने हातात देतो त्या पद्धतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती सर्वांत आधी माझ्या स्वतःबद्दल आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट. चरईत राहणाऱ्या आणि वीस वर्षे आमच्याकडूनच औषधे नेणाऱ्या एका बाईंना, वय ६३, त्यांच्या डॉक्टरांनी यांपैकीच सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन सुरू केले. चिठ्ठी रीतसर होती. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या औषधांची जोडगोळी आधीपासून चालू होती, ती तशीच पुढे चालू राहिली. मुलगा न्यायला आला. मी पेन काढले, बिलावर बॅच नंबर लिहिला, ‘फ्रीजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्यात नको’ एवढे सांगितले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. पाचव्या आठवड्यात डोस ०.२५ वरून ०.५ मिलिग्रॅमवर गेला आणि त्याच आठवड्यात संकष्टी आली. बाई वर्षानुवर्षे संकष्टी करीत आल्या आहेत. दुपारी साबुदाण्याची खिचडी, एखादे केळे, असे करून चंद्रोदयापर्यंत त्या आरामात निभावतात. या वेळी भूकच नव्हती, म्हणून खिचडी केली नाही, आणि सकाळची गोळी मात्र सवयीने घेतली गेली. संध्याकाळी तलावपाळीवरून परतताना त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे अडखळू लागले. लोकांनी बाकावर बसवून पाणी पाजले, उकाड्याचा त्रास असेल असे सगळ्यांनाच वाटले. जवळच्या दवाखान्यात साखर तपासली तेव्हा ती फारच खाली, ४८ भरली.

ग्लुकोजने त्या सावरल्या आणि आज ठणठणीत आहेत. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चिठ्ठी बरोबर होती, औषध बरोबर होते, बिलही बरोबर होते. गोळी आणि इंजेक्शन, दोन्ही माझ्याच हातून त्यांच्या घरी गेली होती, आणि या दोहोंची गाठ उपवासाच्या दिवशी पडली तर काय होऊ शकते हे मला पुरते ठाऊक होते. मी ते सांगितले नाही, एवढेच.

आपल्यापैकी अनेकांना हे शास्त्र माझ्यापेक्षा ताजे असेल, तरी पुढच्या मुद्द्यासाठी ते थोडक्यात मांडतो. आपण जेवलो की आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे पोहोचवते. अडचण अशी की शरीरातले हे मूळ संप्रेरक दोनेक मिनिटांतच निम्मे उरते, कारण डीपीपी-४ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, ते तोडून टाकते. त्या विकराला दाद न देणारा रेणू हवा होता, आणि तो अमेरिकेच्या वाळवंटातील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत अमेरिकी संशोधक जॉन एंग यांना सापडला. त्यावरून तयार झालेल्या एक्सेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली, आणि ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे रोज एकदा घ्यायचे लिराग्लुटाइड आले. सेमाग्लुटाइडचा रेणू शरीरातून निम्मा व्हायलाच सुमारे आठवडा घेतो, म्हणून ते आठवड्यातून एकदा पुरते. टिर्झेपाटाइड हे जीएलपी-१ च्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते.

यातली एक गोष्ट आपल्या काउंटरसाठी सोन्यासारखी आहे. ही इंजेक्शने इन्सुलिन सोडवतात ती रक्तातील साखर चढलेली असतानाच; साखर खाली आली की त्यांचा तो रेटा ओसरतो. म्हणून ती एकटी असताना शुगर लो होण्याचा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइडला मात्र असे भान नसते. साखर कितीही असो, ते स्वादुपिंडाला पिळतच राहते, आणि बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनचेही तसेच. इंजेक्शनामुळे माणूस अर्धी पोळी खाऊन उठत असेल आणि गोळी पूर्ण जेवणाच्या हिशेबाने चालू असेल, तर हिशेब चुकणारच. गोळी बंद करा असे आपण कोणालाही सांगायचे नाही, तो आपला अधिकार नाही. ‘हे इंजेक्शन सुरू करताना जुन्या गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारले का?’ एवढा प्रश्न मात्र आपण विचारलाच पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नवे इंजेक्शन मिळाले म्हणून इन्सुलिन मनाने एकदम सोडणे घातक ठरू शकते, हेही त्याच दमात सांगावे. आणि एकाच चिठ्ठीत ग्लिप्टिन गटातली टेनेलिग्लिप्टिन किंवा व्हिल्डाग्लिप्टिनची गोळी आणि सेमाग्लुटाइड अशी जोडी दिसली तर दवाखान्यात फोन करावा. ग्लिप्टिनचे काम वर सांगितलेल्या डीपीपी-४ विकराला अडवण्याचे असते. इंजेक्शन चालू असताना त्याचा वेगळा फायदा मिळत नाही आणि रुग्णाचे पैसे तेवढे जातात.

आता फायद्यांविषयी, कारण आपल्यातलेच काही जण काउंटरवर ‘कशाला ही थेरं, चालायला जा’ असा सल्ला देतात आणि तो माझ्या मते अज्ञानाचा आहे. सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम डोसची चाचणी १,९६१ जणांवर झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले, नुसते आहार-व्यायामाचे मार्गदर्शन आणि तुलनेसाठी दिलेले खोटे औषध मिळालेल्यांचे अडीच टक्क्यांच्या आतच. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसावर ७२ आठवड्यांत ही घट सुमारे २१ टक्के होती. पण मला वजनाच्या आकड्यांपेक्षा पुढचे आकडे मोलाचे वाटतात. हृदयविकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांवरील सिलेक्ट या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. मधुमेहासोबत मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांवरील फ्लो चाचणीत, २०२४ मध्ये, मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटना २४ टक्क्यांनी कमी झाल्या. डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून तीनदा बसणारे गिऱ्हाईक ज्याने पाहिले आहे, त्याला या २४ टक्क्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, मधुमेहासोबत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आणि शिवाय लठ्ठपणाही असलेल्यांसाठी.

वर्तकनगरच्या एक ताई आमच्याकडे येतात. बँकेत नोकरी, वजन ११२ किलो होते, गुडघे गेलेले, रात्री श्वास अडकतो म्हणून नाकावर यंत्र लावून झोपायच्या. पंधरा महिन्यांत त्यांचे वजन ९१ वर आले आहे. वजनापेक्षा एक गोष्ट त्यांनी मला जास्त आनंदाने सांगितली: ‘काका, डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबली.’ दिवसभर खाण्याचाच विचार, तो दाबण्याची धडपड आणि हरल्यावर स्वतःचीच लाज, हे चक्र किती वर्षे चालले होते ते त्यांनी तेव्हा प्रथम बोलून दाखवले. अशा माणसाला काउंटरवर सगळ्यांदेखत ‘डाएट करा’ असे सुनावणारा फार्मासिस्ट मला मुळीच पसंत नाही.

मात्र ताईंना जे योग्य, ते घोडबंदर रोडवरच्या त्या मुलाला योग्य नव्हते. लग्नाला नऊ आठवडे होते, बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजनाचा आकडा, २४ च्या आसपास, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. हळदीपर्यंत सहा किलो उतरवायचे होते आणि मोबाइलवर कोणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो होता, ज्यावर नाव दुसऱ्याचेच. लठ्ठपणासाठी ही औषधे मोठ्या चाचण्यांत अभ्यासली गेली ती ३० च्या पुढील बीएमआय असलेल्यांवर, किंवा २७ च्या पुढे असून वजनाशी जोडलेला एखादा विकार असलेल्यांवर. आपल्याकडे अंगकाठी बारीक दिसणाऱ्यांच्याही पोटात चरबी असते आणि मधुमेह लवकर गाठतो, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिले, आणि म्हणूनच भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे करण्याचा निर्णय डॉक्टर विचारपूर्वक घेऊ शकतात. तो निर्णय फोटोतली उसनी चिठ्ठी घेऊ शकत नाही. शिवाय साधे गणितही त्या मुलाच्या विरुद्ध होते. सेमाग्लुटाइड पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम देतात ते शरीराला सवय व्हावी म्हणून, वजन उतरावे म्हणून नव्हे. दर चार आठवड्यांनी एक पायरी चढत पूर्ण डोसावर पोहोचायला चार महिने लागतात. नऊ आठवड्यांत त्याच्या पदरी पडली असती ती मुख्यतः मळमळ. मी नाही म्हणालो. ‘काका, ऑनलाइन मिळते’ असे हसून सांगून तो गेला, आणि त्याला ते मिळालेही असेल.

मळमळीवरून आठवले. आपल्याकडे दुष्परिणाम सांगायचे नाहीत असा एक अलिखित नियम आहे, गिऱ्हाईक घाबरते म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला आधी सांगितलेले असते तो टिकतो, न सांगितलेला दुसऱ्या आठवड्यात पेन परत घेऊन येतो. वर सांगितलेल्या २०२१ च्या चाचणीत औषध घेणाऱ्या १०० पैकी ४४ जणांना कधी ना कधी मळमळ झाली, खोटे औषध मिळालेल्या १०० पैकी १७ जणांना. उलट्या २५ जणांना झाल्या, दुसऱ्या गटात सातेक जणांना. जुलाब आणि बद्धकोष्ठ हेही नित्याचे. बहुतेक त्रास डोस वाढवताना होतो आणि हळूहळू निवळतो. जठर सावकाश रिकामे होत असताना तळलेले आणि तेलकट पोटात टाकले की ते तासन्‌तास तिथेच बसते, म्हणून तर्रीदार मिसळ, फरसाण आणि लग्नातली दुसरी वाढ पहिले काही आठवडे टाळावी. थोडे थोडे खावे, पोट भरले असे वाटताच थांबावे. आपल्या मराठी घरांत ‘ताटात टाकू नये’ हा संस्कार पक्का असतो, तेव्हा ताटात कमी वाढून घ्या असे सांगणे जास्त उपयोगी पडते. उलट्या-जुलाब लागोपाठ होत राहिले तर मात्र घरगुती उपाय करीत बसू नये. मे महिन्यातील ठाण्याचा उकाडा, अंगातले पाणी गेलेले आणि वर लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, असे तिन्ही जुळले की मूत्रपिंडाला इजा व्हायला वेळ लागत नाही.

काही दुष्परिणाम विरळ आहेत, पण त्यांची खूण माहीत असणे आवश्यक आहे. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखू लागले, ते पाठीकडे गेले आणि थांबेना, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. अशा वेळी पुढचे इंजेक्शन घ्यायचे नाही आणि रुग्णालय गाठायचे. ‘गॅस झालाय, एक गोळी द्या’ म्हणून हे रुग्ण आधी आपल्याकडेच येतात, त्यामुळे अँटासिड देण्यापूर्वी ‘इंजेक्शन चालू आहे का?’ हे विचारणे आपल्याच हातात आहे. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर आधीच विकार झाला असेल आणि साखर एकदम खाली आली, तर तो विकार काही काळ बळावू शकतो, म्हणून सुरुवातीलाच डोळे तपासून घेणे शहाणपणाचे. जून २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने सेमाग्लुटाइडबाबत आणखी एक नोंद केली: डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून अचानक दिसेनासे होणे, जास्तीत जास्त १०,००० पैकी एकाला. प्रमाण अत्यंत कमी आहे, पण नजर अचानक अधू झाली तर उद्यावर ढकलायचे नाही, हे कळायला एक वाक्य पुरते. उंदरांवरील प्रयोगांत थायरॉइडच्या विशिष्ट पेशींच्या गाठी दिसल्या. माणसांत तसे सिद्ध झालेले नाही, तरी मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग स्वतःला किंवा घरात कोणाला झालेला असेल तर ही औषधे देत नाहीत.

तरुण स्त्रियांशी बोलताना आपण संकोचतो, आणि त्या संकोचापायी महत्त्वाची माहिती राहून जाते. गरोदरपणात ही औषधे घ्यायची नाहीत आणि मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचे असते. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचे शोषण कमी होऊ शकते; म्हणून ते सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरे साधन वापरायला सांगतात. पीसीओडी या पाळी अनियमित करणाऱ्या विकारासाठी वजन उतरवणाऱ्या मुलींमध्ये तर वजन घटताच पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता आपोआप वाढते. दुकानात बाई फार्मासिस्ट असेल तर हे तिने बाजूला घेऊन सांगावे, नसेल तर कागदावर लिहून द्यावे. तसेच, कोणाचे ऑपरेशन ठरलेले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनाची कल्पना दिलीच पाहिजे, कारण रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते आणि भूल दिल्यावर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मोतीबिंदूपासून हर्नियापर्यंत सगळी ऑपरेशने आपले गिऱ्हाईक आपल्याला आधी सांगते. भूलतज्ज्ञाला ते काय सांगते, देव जाणे.

पैशाची बाब मी मुद्दाम वेगळी काढतो. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक व्हायल, म्हणजे एका डोसाची छोटी बाटली, ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. सेमाग्लुटाइडवरील पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. पेटंट सरले की देशी कंपन्यांना वाट मोकळी होते आणि भाव उतरतो, हे आपण प्रत्येक औषधाच्या बाबतीत पाहत आलो आहोत. स्वस्त झाले तरी एक प्रश्न सुटत नाही, तो म्हणजे किती दिवस. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचा वर्षभर पाठपुरावा केला तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत चढले होते. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब चढतो, तसेच हे आहे. यात रुग्णाचा दोष नाही आणि औषधाचाही नाही. पण तीन महिन्यांचे पैसे जमवून ‘कोर्स’ करायला आलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी कळायला हवे, चौथ्या महिन्यात नव्हे. त्यातच, उतरणारे सगळे वजन चरबीचे नसते. एका चाचणीतील काही सहभागींची शरीररचना तपासली तेव्हा घटलेल्या वजनातील सुमारे ४० टक्के भाग चरबीव्यतिरिक्त, म्हणजे स्नायू वगैरेंचा होता. परत चढते ती मात्र मुख्यतः चरबी. सत्तरीच्या आजोबांनी हे इंजेक्शन घेऊन नुसता चहा-बिस्किटावर दिवस काढला तर काही महिन्यांत जिना चढायला कठड्याचा आधार लागतो. डाळ, उसळ, ताक, पनीर, अंडी, मासे, जे त्या घरात चालते ते प्रत्येक जेवणात आधी खावे आणि भात शेवटी, आणि जमेल तेवढा ताकदीचा व्यायाम करावा, हे सांगायला आहारतज्ज्ञ येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

आता आपल्या धंद्यातल्या गोष्टी. न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिले पाहिजे आणि एकदा गोठले तर फेकायचे, वितळवून वापरायचे नाही. ओझेम्पिकचे (हे सेमाग्लुटाइडच) वापरात असलेले पेन ३० अंशांच्या आत ५६ दिवस चालते, मौन्जारोची (हे टिर्झेपाटाइड) व्हायल फ्रीजबाहेर २१ दिवस. पण एप्रिल-मेमध्ये ऐरोलीतल्या पत्र्याखालच्या खोलीत ३० अंश कुठून आणायचे? अशा घरी पेन फ्रीजमध्येच ठेवायला सांगावे आणि फ्रीज नसेल तर शेजाऱ्यांची सोय विचारावी. आपण तरी कोठे फार निर्दोष आहोत? दुरुस्तीसाठी वीज गेली की किती दुकानांत इन्व्हर्टर फ्रीजला जोडलेला असतो, आत थर्मामीटर असतो, आणि घरपोच देणारा मुलगा वाशीहून नेरूळला दुपारी बारा वाजता जाताना पिशवीत बर्फाची थैली ठेवतो, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावे. मी तपासले तेव्हा आमचा थर्मामीटर बंद पडलेला निघाला; केव्हापासून, ते कोणालाच सांगता आले नाही.

व्हायल देताना सिरिंजचा घोळ लक्षात ठेवावा. आपल्याकडे लाल टोपीची ४० युनिटची आणि केशरी टोपीची १०० युनिटची अशा दोन्ही इन्सुलिन सिरिंज विकल्या जातात. अर्धा मिलिलिटर औषध म्हणजे केशरीवर ५० ची रेघ आणि लालवर २० ची. कोणीतरी मोबाइलवर ‘पन्नासपर्यंत भरा’ असे पाहिलेले असते आणि घरात वडिलांच्या इन्सुलिनची लाल टोपीची सिरिंज पडलेली असते. खर्च वाचवायला नवरा-बायको एकच व्हायल दोन आठवडे वाटून घेतात, तेही मी पाहिले आहे. एका डोसाच्या व्हायलमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घालायचे द्रव्य नसते, तेव्हा एकदा टोचलेली व्हायल पुढच्या आठवड्यासाठी ठेवायची नाही. पेन तर सुई बदलूनही दोघांत वापरायचे नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात आपल्यासारखेच मांसाचे असतात.

आणि स्टॉकिस्ट सोडून ‘आपल्या ओळखीचा’ कोणी निम्म्या भावात पेन आणून देत असेल तर त्याला दुकानात उभे करू नका. २०२३ मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत बनावट ओझेम्पिक सापडले आणि जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला त्याबद्दल जगभर इशारा द्यावा लागला. पक्के बिल आणि बॅच नंबर नसलेले एकही पेन शटरच्या आत येऊ नये. त्याच न्यायाने, दुकानाबाहेर ‘वजन घटवा, खात्रीशीर इंजेक्शन’ असा फलक लावण्याचा मोहही आवरावा. १९५४ च्या औषधे व जादुटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह आणि लठ्ठपणा हे दोन्ही आहेत, आणि फलक लावणाऱ्याला बहुधा ते ठाऊक नसते.

हे सारे वाचून आपल्यातील बरेच जण म्हणतील की हे डॉक्टरांचे काम आहे, आम्ही का करायचे. गर्दीच्या वेळी बोलायला वेळ कुठे आहे. आणि आम्ही नाही म्हटले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात किंवा मोबाइलवरच्या सवलतीकडे जाते. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पहिल्याला आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्यच ठरवले आहे. ते डॉक्टरांकडून उसने घेतलेले काम नाही. मोबाइलवरच्या सवलतीला तोंड द्यायला आपल्याजवळ दुसरे आहे तरी काय? संकष्टी कधी आहे, कोणाच्या घरी फ्रीज नाही, कोणाचे ऑपरेशन ठरले आहे, हे आपल्याला ठाऊक असते, ॲपला नसते. वेळेचे म्हणाल तर मी घड्याळ लावून पाहिले. पहिल्या वेळी पाच मिनिटे लागतात, पुढच्या प्रत्येक महिन्याला दीड मिनिट.

चरईच्या बाईंच्या प्रसंगानंतर मी आणि पुतण्याने एका कागदाची मराठी माहितीपत्रिका तयार केली आणि दोन मधुमेहतज्ज्ञांकडून तपासून घेतली. अक्षरे मोठी आहेत. उपवास, जुनी गोळी, उलट्या, पोटदुखी, डोळे, गरोदरपण, ऑपरेशन, फ्रीज आणि सुया, एवढ्याच बाबी तिच्यात आहेत. दुकानाचे नाव नाही, जाहिरात नाही. ज्यांना हवी असेल त्यांनी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात येऊन मूळ प्रत न्यावी आणि हव्या तितक्या छापून घ्याव्यात. नवी मुंबईतील काही मित्रांनी हिंदीत प्रत मागितली आहे, ती पुढच्या महिन्यापर्यंत होईल. पत्रिकेच्या तळाशी ‘समजावून सांगणाऱ्याचे नाव’ असे छापून पुढे एक रेघ मोकळी ठेवली आहे. ती हाताने भरायची आहे.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट
पाचपाखाडी, ठाणे